सापाची ऊब

मागच्या हिवाळ्यात नातवाचा इंग्लंडहून फोन आला. "आजोबा, मी साप पाळलाय." ऐकून आमच्या सौ.च्या हातातली जपमाळच थांबली! कॉर्न स्नेक म्हणे. मूळचा अमेरिकेतला, बिनविषारी. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे देशी साप घरात ठेवता येत नाहीत. तिकडे हे साप दुकानात मिळतात. "थंडी फार आहे तुमच्याकडे, त्याला चांगली ऊब दे हो," असं मी सांगून मोकळा झालो. मास्तरकीची सवय, दुसरं काय!

पोराने माझं ऐकलं. पेटीच्या पूर्ण तळाखाली विजेवर तापणारी चटई घातली आणि रात्रंदिवस चालू ठेवली. पंधरा दिवसांत सापाचं पोट भाजलं. डॉक्टरांच्या उपचाराने जखम भरली, पण मला चुटपुट लागली ती लागलीच. इतिहास शिकवलेला माणूस मी. माणसं सापांना पूर्वी कसं जगवत होती, ते शोधायला बसलो.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 1849 साली सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी वेगळी इमारत उघडली. जगातली अशी ती पहिलीच मानतात. 1852 मध्ये तिथला गर्लिंग नावाचा रखवालदार नागाशी खेळ करायला गेला आणि दंशाने मेला. म्हणजे बंदोबस्त सापासाठी हवा, तसा माणसासाठीही.

पण मला आवडली ती जोन प्रॉक्टर. जन्म 1897 चा. लहानपणापासून प्रकृती तोळामासा, पण घरात साप-सरडे पाळायची. सोळाव्या वर्षी मिळालेली छोटी मगर तिने गणिताच्या तासाला नेली होती! (माझ्या वर्गात कुणी आणली असती, तर मीच आधी बाकावर चढलो असतो.) 1923 मध्ये ती त्याच प्राणिसंग्रहालयात सरपटणाऱ्या प्राण्यांची प्रमुख झाली. 1927 मध्ये तिच्या आराखड्यावरून नवी इमारत उघडली. तिथे विजेच्या साहाय्याने वेगवेगळ्या जागी वेगवेगळी ऊब देण्याची सोय होती आणि अतिनील किरण आत येऊ देणारी खास काच होती. 1931 मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, ती गेली.

तिचं काम वाचताना माझी चूक मला उमगली. साप आपल्यासारखी अंगात उष्णता तयार करत नाही. तो उन्हात जाऊन ती घेतो आणि पुरे झाली की सावलीत सरकतो. आमच्या नातवाच्या पेटीत सावलीच नव्हती. बिचारा जाणार कुठे?

आता चटई पेटीच्या एका टोकाला, जेमतेम तिसऱ्या हिश्श्याखाली आहे. तिला थर्मोस्टॅट जोडलाय. उबदार टोकाला साधारण 30 अंश, दुसऱ्याला 24. दोन्हीकडे तापमापक आणि दडायला एकेक खोपटं, म्हणजे लपायचं म्हणून नको त्या उष्णतेत बसायला नको. वर झाकणाला कडी, कारण साप पळण्यात पटाईत.

शाळेतही मी साठ पोरांना एकच आच लावत आलो. कुणाला ती पुरली नसेल, कुणी भाजलंही असेल. तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

असो. हल्ली फोनवर मी सल्ले देत नाही. एवढंच विचारतो, "काय रे, आज कुठल्या टोकाला बसलाय?"