समुपदेशक घडताना : गुणपत्रिकेपलीकडची कसोटी

समुपदेशनाच्या विद्यार्थ्याची चूक बंद दाराआड घडते आणि बहुधा तेथेच राहते. समोर बसलेली व्यक्ती आधीच दुःखाने, भीतीने वा अपराधभावाने खचलेली असते. तिने विश्वासाने सांगितलेली गोष्ट बाहेर फुटली, किंवा ऐकणाऱ्याने स्वतःचीच मते तिच्यावर लादली, तर ती पुन्हा कोणाकडेही मदत मागायला जाणार नाही, हा धोका असतो. त्यामुळे या अभ्यासक्रमांत विद्यार्थ्याला काय येते याबरोबरच तो कसा वागतो, याचीही परीक्षा घेतली जाते.

अमेरिकेत ही पद्धत तपशीलवार विकसित झाली आहे. १९५२ साली वेगळ्या नावाने स्थापन झालेल्या अमेरिकन कौन्सेलिंग असोसिएशन या संघटनेने १९६१ मध्ये पहिली आचारसंहिता स्वीकारली. तिच्या २०१४ च्या आवृत्तीत विद्यार्थ्यांविषयी एक निःसंदिग्ध तत्त्व आहे. समुपदेशनासाठी येणाऱ्या व्यक्तीविषयी, म्हणजे सल्लार्थीविषयी, अनुभवी व्यावसायिकाची जी जबाबदारी, तीच विद्यार्थ्याचीही. ‘मी अजून शिकतो आहे’ ही सबब येथे चालत नाही.

अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या ‘काकरेप’ या संस्थेच्या निकषांनुसार विद्यार्थ्याला प्रथम किमान १०० तासांचे प्रात्यक्षिक आणि नंतर ६०० तासांची आंतरवासिता पूर्ण करावी लागते. त्यांपैकी अनुक्रमे ४० आणि २४० तास प्रत्यक्ष सल्लार्थींसाठी द्यायचे असतात. हे सारे काम पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली चालते.

<b>अपेक्षा कोणत्या?</b>

पहिली अपेक्षा प्रामाणिकपणाची. आपण विद्यार्थी आहोत आणि आपल्या कामावर पर्यवेक्षकाची नजर आहे, हे सल्लार्थीला आरंभीच सांगावे लागते. संभाषण ध्वनिमुद्रित करायचे असल्यास त्याची संमती आवश्यक असते.

दुसरी अपेक्षा गोपनीयतेची. वर्गातील चर्चेतही सल्लार्थीची ओळख पटेल असा तपशील येता कामा नये. मात्र गोपनीयतेलाही मर्यादा असते. १९६९ साली कॅलिफोर्नियात तातियाना तारासॉफ या तरुणीची हत्या झाली. मारेकऱ्याने आपला इरादा विद्यापीठाच्या रुग्णालयातील मानसशास्त्रज्ञाला आधीच सांगितला होता. विद्यापीठाच्या पोलिसांना कळवण्यात आले, त्यांनी त्याला थोडा वेळ ताब्यात घेऊन सोडून दिले. परंतु त्या तरुणीला किंवा तिच्या घरच्यांना कोणीही सावध केले नाही. संभाव्य बळीच्या रक्षणासाठी वाजवी काळजी घेणे हे उपचारकर्त्याचे कर्तव्य आहे, असा निकाल राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये दिला. कोणत्या परिस्थितीत मौन सोडावे लागेल, हे सल्लार्थीला पहिल्याच भेटीत समजावून सांगण्याची रीत त्यामुळे महत्त्वाची ठरली.

तिसरी अपेक्षा नात्याच्या मर्यादेची. सल्लार्थीशी लैंगिक वा प्रेमसंबंध सर्वथा निषिद्ध आहेत. २०१४ च्या संहितेनुसार शेवटच्या व्यावसायिक भेटीनंतरही पाच वर्षे ही बंदी कायम राहते. चौथी अपेक्षा स्वतःकडे पाहण्याची. शारीरिक, मानसिक वा भावनिक अडचणीमुळे सल्लार्थीचे नुकसान होण्याची शक्यता दिसल्यास विद्यार्थ्याने काम थांबवून पर्यवेक्षकाला कळवावे, असे संहिता सांगते.

<b>श्रद्धा आणि कर्तव्य</b>

खरा पेच विद्यार्थ्याच्या श्रद्धा आणि सल्लार्थीची गरज यांचा संघर्ष होतो तेव्हा उभा राहतो. २००९ मध्ये ईस्टर्न मिशिगन विद्यापीठातील एका विद्यार्थिनीने धार्मिक श्रद्धेमुळे, समलिंगी संबंधांविषयी बोलू इच्छिणाऱ्या सल्लार्थीला दुसऱ्या समुपदेशकाकडे पाठवण्याची विनंती केली. विद्यापीठाने तिला अभ्यासक्रमातून काढले. कनिष्ठ न्यायालयाने विद्यापीठाची बाजू उचलून धरली; २०१२ मध्ये अपिलीय न्यायालयाने तो निर्णय फिरवून प्रकरण सुनावणीसाठी परत पाठवले आणि शेवटी तडजोड झाली. याउलट, जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा स्टेट विद्यापीठाने अशाच मतभेदातून आखून दिलेली सुधारणा योजना नाकारणाऱ्या विद्यार्थिनीला अंतरिम दिलासा देण्यास तेथील अपिलीय न्यायालयाने २०११ मध्ये नकार दिला. त्यानंतरच्या २०१४ च्या संहितेत, केवळ वैयक्तिक मूल्यांच्या आधारे सल्लार्थीला दुसरीकडे पाठवू नये, असे स्पष्टपणे नमूद झाले.

शिक्षक येथे व्यवसायाचे द्वारपाल असतात. मात्र द्वारपालालाही नियम हवेत. विद्यार्थ्याचे मूल्यमापन सातत्याने व्हावे, उणिवा त्याला वेळीच सांगाव्यात, सुधारण्यासाठी साहाय्य मिळावे, आणि काढून टाकण्याचा निर्णय झालाच तर दाद मागण्याचा मार्ग त्याला माहीत असावा, असे संहिता अपेक्षिते. निकष लेखी आणि सर्वांना समान नसतील, तर शिस्त आणि आकस यांतील सीमारेषा पुसट होते.

<b>आपल्याकडील संदर्भ</b>

मुंबई-पुण्यात शिकणाऱ्या विद्यार्थ्यासमोर भारतीय कायदाही असतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. दुसरीकडे, २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार बालकाच्या लैंगिक शोषणाची माहिती मिळालेल्या कोणाही व्यक्तीला ती पोलिसांना कळवावी लागते. विद्यार्थीही त्याला अपवाद नाही. आपल्या कुटुंबव्यवस्थेत आणखी एक प्रसंग नेहमीचा. सज्ञान मुलाची फी भरणारे वडील सहजपणे विचारतात, ‘आमचा मुलगा आत काय बोलला?’ प्रश्नामागे काळजी असते, तरीही मुलाच्या संमतीविना त्याचे उत्तर देता येत नाही. ते नम्रपणे, पण ठामपणे नाकारणे विद्यार्थ्याला शिकावे लागते.

पदवीवर हे कौशल्य नोंदलेले नसते. परंतु अनोळखी माणसासमोर मन मोकळे करणाऱ्याला संरक्षण मिळते ते यातूनच. म्हणून त्याचे शिक्षण नोकरी लागल्यावर सुरू करून भागत नाही. पहिला सल्लार्थी समोर येऊन बसण्यापूर्वीच ते सुरू झालेले असावे लागते.