अडीच सुताचा बोल्ट

१९८४ सालच्या एप्रिलमधली गोष्ट. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि सुट्टीत सातारा जिल्ह्यात मामांकडे गेलो होतो. मामांच्या विहिरीवर १९३०च्या दशकातलं एक विलायती डिझेल इंजिन होतं. आजोबांनी कधी काळी जुनंच विकत घेतलेलं. शेतात उन्हाळी भुईमूग उभा होता आणि नेमकं त्याच आठवड्यात इंजिनाच्या झाकणातून तेल गळू लागलं. 'पॅकिंग बदलायचं, एवढंच ना?' म्हणत मी बाह्या सरसावल्या. शिकलेला भाचा म्हणून मामांनीही अडवलं नाही.

माझ्याकडे मिलिमीटरच्या गोट्यांचा कोरा सेट होता. गोटी म्हणजे बोल्टच्या डोक्यावर टोपीसारखा बसणारा पाना. पंधराची गोटी चढेना. सोळाची चढली, पण हलत होती. जवळजवळ बसतेय, असं मनाशी म्हणून मी दांड्याला जोर लावला. पहिला बोल्ट सुटला. दुसऱ्याचे कोपरे घासले. तिसऱ्याचं डोकं पार गोल झालं. आता कुठलाच पाना त्याला धरेना. इंजिन बंद, पाणी बंद. चार दिवसांत विहिरीपासून लांबचे वाफे करपले. मामा एका शब्दानं बोलले नाहीत, हे जास्त लागलं.

शेवटी तालुक्याच्या गावाहून एक वयस्क मिस्त्री आले. त्यांनी बोल्ट पाहिला, मग माझा सेट पाहिला. "पाव्हणं, ह्या इंजिनाला मिलिमीटर चालायचं न्हाई. अडीच सुताचा बोल्ट हाय ह्यो." पिशवीतून त्यांनी एक काळपट पाना काढला. तो बोल्टवर असा बसला, की जरासुद्धा खेळ राहिला नाही. गोल झालेल्या बोल्टच्या डोक्याला त्यांनी कानशीनं समोरासमोर दोन सपाट बाजू पाडल्या, रात्रभर रॉकेल मुरू दिलं आणि सकाळी तोही काढला.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अडीच सूत म्हणजे ५/१६ इंच, जेमतेम आठ मिलिमीटर. पण पान्याचा जबडा तर पंधराहून मोठा होता! मग त्यावर ५/१६ हा आकडा का कोरलेला? सुट्टी संपल्यावर कॉलेजच्या ग्रंथालयात मी याचा माग काढला, आणि तो मला थेट एकोणिसाव्या शतकातल्या मँचेस्टरला घेऊन गेला.

त्या काळी इंग्लंडमधला प्रत्येक कारखाना आपल्या मर्जीनं आटे पाडी. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर चढत नसे. जोसेफ व्हिटवर्थ हा अतिशय काटेकोर कारागीर. हेन्री मॉडस्ले या नामवंत यंत्रकाराच्या हाताखाली तो लंडनमध्ये तयार झाला आणि १८३३ साली त्यानं मँचेस्टरला स्वतःचा कारखाना काढला. त्यानं स्वतःचं माप इतरांवर लादलं नाही. निरनिराळ्या कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, ते मोजले आणि त्यांचा मध्य काढला. आट्यांचा कोन ५५ अंश ठरवला. कुठल्या जाडीच्या बोल्टला इंचामागे किती आटे, याचं कोष्टक केलं. १८४१ साली त्यानं हे सगळं स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे मांडलं. पुढच्या वीसेक वर्षांत रेल्वे आणि कारखान्यांनी ते उचललं. जगातलं हे आट्यांचं पहिलं राष्ट्रीय प्रमाण.

या पद्धतीत पान्यावर कोरलेला आकडा जबड्याचा नसतो, बोल्टच्या दांड्याच्या जाडीचा असतो. म्हणून माझ्या ५/१६च्या पान्याचा जबडा भरतो ०.६०० इंच, म्हणजे १५.२४ मिलिमीटर. पंधरा चढत नाही, सोळा घसरते, त्याचं कारण हे. पुढे बारीक आट्यांची बी.एस.एफ. मालिका आली. तिच्या बोल्टची डोकी एक नंबर लहान. त्यामुळे एकाच पान्यावर '५/१६ डब्ल्यू' आणि '३/८ बी.एस.एफ.' असे दोन आकडे दिसतात. दुसऱ्या महायुद्धात पोलाद वाचवण्यासाठी व्हिटवर्थ बोल्टचीही डोकी एक नंबर लहान करण्यात आली. तेव्हा जुन्या इंजिनाला पाना शोधताना आकड्यावर भिस्त ठेवू नये. डोक्याच्या दोन समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर मोजावं, आणि गंजलेल्या बोल्टला बाराकोनी गोटीपेक्षा सहाकोनी लावावी. ती कोपरे खात नाही.

इंग्लंडचं जुळलं, पण अमेरिकेनं वेगळी वाट धरली. १८६४ साली फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सनं ६० अंशांचा, माथा सपाट असलेला आटा सुचवला. तो पाडायला आणि तपासायला सोपा होता. दोन्ही देशांचे पाव इंची बोल्ट इंचामागे वीस आट्यांचेच. पण अर्धा इंचीला व्हिटवर्थचे आटे बारा, अमेरिकेचे तेरा. पाच अंश आणि एक आटा, फरक एवढाच!

एवढ्याशा फरकाची किंमत दुसऱ्या महायुद्धात कळली. रोल्स-रॉईसचं मर्लिन हे विमानाचं इंजिन बनवण्याचं काम १९४० साली अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीनं घेतलं. तिथली इंजिनं इंग्लंडच्या इंजिनांशी भागाला भाग जुळायला हवी होती, म्हणून आटे ब्रिटिशच ठेवावे लागले. ते पाडायची हत्यारं मात्र अमेरिकेत तयार मिळत नव्हती. मित्रराष्ट्रं शत्रूविरुद्ध एक झाली होती, त्यांचे नटबोल्ट झाले नव्हते. युद्ध संपल्यावर, १८ नोव्हेंबर १९४८ रोजी वॉशिंग्टनमध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी एका समान आट्यावर सह्या केल्या. कोन ठरला ६० अंश. व्हिटवर्थच्या देशानं व्हिटवर्थचा कोन सोडला.

आपल्याकडे १९५६ साली मेट्रिक मापांचा कायदा झाला आणि १९५७ साली नवे पैसे आले. पाठ्यपुस्तकं बदलली, वजनकाटे बदलले. पण कायद्यानं विहिरीवरच्या इंजिनाचे बोल्ट बदलत नसतात. माझी पिढी शाळेत मिलिमीटर शिकली आणि गॅरेजमध्ये सूत. या दोहोंच्या मधल्या फटीत, पाऊण मिलिमीटरच्या खेळात, माझ्या मामांचे वाफे करपले.

निघताना मी मिस्त्रींना विचारलं होतं, "काका, इतकं अचूक कसं ओळखता?" ते म्हणाले, "बसतंय म्हंजी बसतंय. जवळजवळ बसतंय म्हंजी न्हाई बसत." तो पाना त्यांनी मला दिला. ते इंजिन पुढे भंगारात गेलं, विहिरीवर विजेची मोटार आली, पण पाना अजून माझ्याकडे आहे.

परवा घरातला नळ बदलताना सहज त्याच्या आट्यांवर बोट फिरवलं. आपल्या पाण्याच्या पाईपांचे आटे आजही ५५ अंशांचेच असतात.