भूलप्रशिक्षणापूर्वीचे निरीक्षण (छत्रपती संभाजीनगर)

भूलसेवेच्या शिक्षणासाठी अर्ज करण्याआधी इच्छुकाने शस्त्रक्रियागृहात उभे राहून, कशालाही हात न लावता, भूल देणाऱ्याचे काम पाहणे. अमेरिकेत नर्स ॲनेस्थेटिस्ट होऊ पाहणाऱ्या परिचारिकेकडून बरीच विद्यापीठे अशा निरीक्षणाची अपेक्षा ठेवतात. काही त्याचे तास अर्जात लिहायला लावतात. छत्रपती संभाजीनगरात, किंबहुना भारतात कुठेच, परिचारिकेने स्वतंत्रपणे भूल देण्याचा व्यवसाय प्रस्थापित नाही. इथे भूल देतो तो डॉक्टर. परदेशी जाऊ पाहणारी सिस्टर किंवा ब्रदर इथे जे पाहतो ते त्यामुळे काम तेच, पण वेगळ्या माणसाच्या हातचे असते.

अमेरिकेतली परंपरा जुनी आहे. मेयो बंधूंच्या रुग्णालयातील परिचारिका ॲलिस मॅगॉ यांनी १९०६ मध्ये चौदा हजारांहून अधिक भुलींचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. भुलीमुळे झालेला एकही मृत्यू त्यात नव्हता. 'सीआरएनए' (सर्टिफाइड रजिस्टर्ड नर्स ॲनेस्थेटिस्ट) हे पद १९५६ मध्ये रूढ झाले. आज या शिक्षणाला परिचर्येची किंवा संबंधित विषयाची पदवी, तिथला नोंदणी परवाना आणि अतिदक्षता विभागातला किमान एक वर्षाचा अनुभव लागतो. २०२२ पासून नव्याने प्रवेश घेणाऱ्यांसाठी अभ्यासक्रम डॉक्टरेट पातळीचा झाला आहे.

संभाजीनगरचा या विषयाशी असलेला जुना धागा फारसा कुणाच्या लक्षात नसतो. हे शहर निजामाच्या राज्यात होते, आणि क्लोरोफॉर्म या भुलीच्या औषधाविषयीचा त्या काळचा सर्वांत गाजलेला वाद त्याच राज्याच्या राजधानीत लढला गेला. हैदराबादचे सर्जन एडवर्ड लॉरी यांचे ठाम मत होते की क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो, हृदय नंतर. म्हणून भूल देणाऱ्याने नाडी सोडून श्वासावर नजर ठेवावी. हे तपासायला १८८८ मध्ये पहिले आणि १८८९ मध्ये दुसरे 'हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन' बसले. दुसऱ्याचा खर्च निजामाने उचलला आणि 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने लंडनहून लॉडर ब्रंटन यांना पाठवले. निष्कर्ष लॉरींच्या बाजूने लागला. पुढे १९११ च्या सुमारास गुडमन लेव्ही यांनी प्रयोगांतून दाखवले की हलक्या क्लोरोफॉर्म भुलीत हृदयाची लय अचानक बिघडून मृत्यू येऊ शकतो. लॉरींचा निष्कर्ष अपुरा होता. पण भूल देणाऱ्याने नेमके काय पाहायचे, हा त्यांचा प्रश्न अजून जुना झालेला नाही. हैदराबादेत शिकून क्लोरोफॉर्म देणाऱ्या रूपाबाई फर्दूनजी जगातल्या आद्य स्त्री-भूलतज्ज्ञांत गणल्या जातात.

शहरातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ चे. त्याचे रुग्णालय साऱ्या मराठवाड्यात 'घाटी' म्हणूनच ओळखले जाते. अशा शिकवणाऱ्या रुग्णालयात भुलीचे काम तिघांत वाटलेले असते. भूलतज्ज्ञ किंवा निवासी डॉक्टर भूल देतो आणि तिची जबाबदारी घेतो. टेक्निशियन मशीन तपासतो, सर्किट जोडतो, ट्यूब आणि लॅरिंगोस्कोप हाताशी ठेवतो. सिस्टर ट्रॉली, औषधे, मॉप-गॉजची मोजणी आणि नोंदी सांभाळते. अमेरिकेतली सीआरएनए यातल्या पहिल्या जागी उभी असते. आपल्याकडच्या सिस्टरची जागा तिसरी.

परिचर्येच्या विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमातच ओटी (शस्त्रक्रियागृह) पोस्टिंग असते. म्हणून अनेकांना वाटते, आपण हे सगळे पाहिलेले आहे. ते खरे नसते. पोस्टिंगमध्ये नजर जखमेवर आणि ट्रॉलीवर असते. टेबलाच्या डोक्याकडची बाजू पडद्याआड राहते. निरीक्षणाचा अर्थ त्या बाजूला जाऊन उभे राहणे.

तिथे दिसते ते असे. काम ओटीच्या आधी, भूलपूर्व तपासणीत सुरू होते: दमा, रक्तदाब, चालू गोळ्या, तोंड किती उघडते, हलणारे दात. घन अन्न सहा तास आणि साधे पाणी दोन तास आधी बंद. 'चहाच तर घेतला, तोही अर्धा कप' म्हणणाऱ्या रुग्णाची शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते, कारण भुलीत उलटी फुप्फुसात जाऊ शकते आणि दुधाचा चहा साध्या पाण्यात मोडत नाही. सिझेरियनला बहुधा स्पायनल देतात: बाईला पाठ वाकवून बसवायचे किंवा कुशीवर वळवायचे, कमरेच्या मणक्यांमधून बारीक सुई घालून औषध सोडायचे. ते दोन मिनिटांचे काम नवख्याला मोठे वाटते. पुढच्या काही मिनिटांत रक्तदाब उतरतो, बाई 'मळमळतंय' म्हणते आणि भूलतज्ज्ञाचा हात आकडा दिसण्याआधीच सिरिंजकडे जातो. पाहायचे असेल तर हे. पूर्ण भुलीत ट्यूब टाकणे नजरेत भरते. त्यानंतरचा तास-दोन तास मात्र काहीच घडत नाही असे वाटत राहते. ते काहीच न घडणे कुणीतरी घडवत असते. ज्याला तो वेळ कंटाळवाणा वाटला त्याने या वाटेला जाऊ नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

महाराष्ट्रातच राहून भुलीच्या कामात शिरायचे तर बारावी विज्ञानानंतरचे टेक्निशियनचे पदवी अभ्यासक्रम आहेत. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायाला संलग्न आरोग्य व्यवसायांत स्थान दिले. त्या मुलांना तर निरीक्षणाची गरज अधिक, कारण त्यांनी ओटी आतून पाहिलेलीच नसते. एम.बी.बी.एस. डॉक्टरांना प्रसूतीतील तातडीच्या भुलीचे सरकारी प्रशिक्षण मिळते. परिचारिकांना त्यात प्रवेश नाही.

परवानगी विभागप्रमुख आणि रुग्णालय प्रशासन या दोघांकडून लेखी घेणे इष्ट. रुग्णाला कल्पना देऊन त्याची संमती घ्यावी लागते; तो नको म्हणाला तर बाहेर थांबायचे. मोबाइल आत न्यायचा नाही, निदान बाहेर काढायचा नाही. परदेशी अर्जासाठी तारीख, तास आणि भुलीचा प्रकार लिहून त्यावर भूलतज्ज्ञाची सही घ्यावी, रुग्णाचे नाव मात्र लिहू नये. काही अमेरिकी विद्यापीठे फक्त सीआरएनएसोबतचे तास ग्राह्य धरतात, काहींना भूलतज्ज्ञ डॉक्टरही चालतो; हे त्या त्या विद्यापीठाला आधी विचारलेले बरे.