गेटला वीज लागते तरी किती?

२००८च्या सुमारास गोंदियात भारनियमन जोरात होतं. आमच्या राइस मिलवाल्या काकांचं मोटरवालं गेट मात्र थेट २३० व्होल्टवर! एका रात्री आजीला दवाखान्यात न्यायचं होतं आणि वीज गेलेली. मोटर मोकळी करायची चावी सापडेपर्यंत सगळ्यांना घाम फुटला.

पुढे जिल्ह्यातल्याच तिरोड्याला २०१२ ते २०१४ मध्ये ६६० मेगावॅटचे पाच संच सुरू झाले. म्हणजे ३३०० मेगावॅट! पण ती वीज जाते ग्रिडमध्ये. गल्लीतली तार तुटली की काकांना तिचा उपयोग शून्य.

आणि गेटची भूक केवढी? ३०० वॅटची मोटर २० सेकंद चालली तर जेमतेम पावणेदोन वॅट-तास. काकांनी शेवटी २४ व्होल्टची डीसी मोटर घेतली. बारा व्होल्ट, ७ अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, कागदावर १६८ वॅट-तास. तोटा धरूनही गेट पन्नासेक वेळा उघडावं.

चावी मात्र अजून दाराशेजारी खिळ्याला आहे.