संगणकाची स्मृती का डळमळते?

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली 'टिफ्रॅक' हा संपूर्ण भारतीय बनावटीचा संगणक काम करू लागला. डॉ. आर. नरसिंहन यांच्या गटाने तो बांधला होता. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. स्मृती मात्र नलिकांची नव्हती, ती फेराइटच्या बारीक कड्यांची होती. ४० अंकांचा एक शब्द, असे २,०४८ शब्द. कडीगणिक एक अंक धरला तर ८१,९२० कड्या झाल्या, आणि प्रत्येकीतून तारा ओवलेल्या!

कडी एका दिशेने चुंबकित झाली की शून्य, उलट दिशेने झाली की एक. नेमकी हवी ती कडी निवडायची युक्ती मोठी सुरेख आहे. आडव्या तारेतून निम्मा प्रवाह, उभ्या तारेतून निम्मा. दोन्ही जिथे भेटतात तीच कडी उलटते, बाकीच्या निम्म्या धक्क्याला दाद देत नाहीत. पण फेराइट तापले की ते कमी प्रवाहाने उलटू लागते. मग निम्मा धक्काही पुरतो आणि भलत्याच कडीतील माहिती पुसली जाते. म्हणूनच त्या काळातील आयबीएम ७०९० या यंत्राची स्मृती ठरावीक तपमानाच्या तेलात बुडवून ठेवत.

पुढे रॉबर्ट डेनार्ड यांनी एक ट्रान्झिस्टर आणि एक धारित्र एवढ्यावर भागणारी स्मृती सुचवली. १९६८ साली त्यांना तिचे पेटंट मिळाले. आजच्या संगणकांतील मुख्य स्मृती याच वंशातली. हे धारित्र म्हणजे गळका माठच. त्यातील विद्युतभार झिरपून जातो, म्हणून साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांत तो वाचून पुन्हा भरावा लागतो. तपमान वाढले की गळती झपाट्याने वाढते. म्हणून ८५ अंश सेल्सिअसच्या वर ही भरणी सहसा दुप्पट वेगाने करतात.

१९७८ साली इंटेलमधील टिमोथी मे आणि मरे वुड्स यांनी एक विलक्षण गोष्ट उजेडात आणली. चिप पूर्ण निर्दोष, तरी मधूनच एखादा अंक उलटायचा, आणि पुन्हा लिहिला की ठीक! गुन्हेगार निघाले चिपच्या आवरणातील युरेनियम-थोरियमचे अत्यल्प अंश. त्यांतून सुटणारे अल्फा कण स्मृतीतला भार बिघडवत होते. विश्वकिरणांमुळेही असे घडते, हे नंतर कळले.

आता वाशीम जिल्ह्याकडे येऊ. समजा, रिसोड किंवा मानोऱ्याच्या एखाद्या शाळेत एका पाटीवर मावणारा छोटा संगणक पावसाची नोंद ठेवतो आहे. (असे स्वस्त संगणक २०१२ साली आलेल्या रास्पबेरी पायपासून सर्वत्र पसरले.) दुपारी तो मधूनच अडकतो. अडकला तर निदान कळते तरी. खरी धास्ती न अडकता चुकण्याची. २३ मिलिमीटर म्हणजे द्विमान पद्धतीत ००१०१११. त्यातला डावीकडचा एकच अंक उलटला की होतात ८७! मुलांच्या वर्षभराच्या मेहनतीत अशी अतिवृष्टी शिरली, तर आलेखावर विश्वास कोण ठेवणार?

अशा वेळी लगेच विश्वकिरणांना दोष देऊ नये, ते फार क्वचितचे कारण. आधी वीजपुरवठा पाहावा. बारीक, लांब केबलचा रोध ०.२ ओहम असेल आणि प्रवाह २ अँपिअर, तर ०.४ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. ५ चे उरतात ४.६. मग तपमान. वाशीमच्या मे महिन्यात खोलीतच ४० अंश असतील, तर बंद डब्यातील चिपचे हाल विचारू नका. झाकण काढून पंख्याखाली ठेवून पाहा. कोणी वेग वाढवण्यासाठी स्मृतीची गती बदलून ठेवली असल्यास ती मूळ पदावर आणा.

मात्र एका वेळी एकच गोष्ट बदला. केबल आणि पंखा एकदमच बदलले, तर दोषी कोण हे कधीच कळत नाही. प्रत्येक बदलानंतर 'मेमटेस्टर'सारखा कार्यक्रम तासन् तास चालवा. तो स्मृतीत एक-शून्याच्या ठरावीक नक्षी लिहितो, परत वाचतो आणि ताडून पाहतो. चूक दरवेळी त्याच पत्त्यावर येत असेल, तर चिपच सदोष असण्याचा संभव जास्त. पत्ते बदलत असतील, तर पुन्हा वीज आणि उष्णतेकडे वळा. चाचणी सकाळी एकदा आणि भर दुपारी एकदा घ्या, आणि दोन्ही वेळचे तपमान व चुकांची संख्या मुलांना वहीत शेजारी शेजारी मांडायला सांगा.