पावणेनऊ म्हणजे नक्की किती? मुलांना सव्वा, दीड, अडीच असे समजवा

घरातल्या लहान मुलाला आत्ताच विचारून बघा, ‘पावणेनऊ म्हणजे किती वाजले?’ ‘९:४५’ असं उत्तर आलं तर रागावू नका. शाळेत असताना मीही पावणेसहाची एसटी पकडायला साडेसहाला स्टँडवर गेले होते, तेही पंधरा मिनिटं आधी आल्याच्या ऐटीत!

घोळ असा होतो की शब्दात ‘नऊ’ ऐकू येतं, पण नऊ अजून वाजलेलेच नसतात. पाव म्हणजे चौथा भाग. तासाचा पाव म्हणजे १५ मिनिटं. ‘पावणे’चं मूळ संस्कृत ‘पादोन’, म्हणजे पाव कमी. नवाला पाव कमी, म्हणून ८:४५. ‘सव्वा’ बरोबर उलट. तो ‘सपाद’वरून आला, म्हणजे पावासकट. सव्वानऊ म्हणजे ९:१५. आणि नुसतं ‘पाऊण वाजला’ म्हटलं तर १२:४५.

साडे म्हणजे अर्धा जास्त, हे मुलांना पटकन कळतं. मग ती ‘साडेदोन’ म्हणतात आणि आपण हसतो. खरं तर चूक तर्काला धरूनच आहे. मराठीत दीड आणि अडीच हे वेगळे शब्द आहेत, एवढंच. अडीच आला ‘अर्धतृतीय’वरून: दोन पूर्ण, तिसरा अर्धा. साडेतीनलाही ‘औट’ असा शब्द होता. ‘औट घटकेचं राज्य’मध्ये तो अजून टिकलाय. एक घटका २४ मिनिटांची, म्हणजे हे राज्य अवघं ८४ मिनिटांचं!

पैशांच्या बाबतीत मात्र जपून. इथे पाव हा शंभराचा किंवा लाखाचा असतो. सव्वाशे म्हणजे १२५, पावणेदोनशे १७५, अडीचशे २५०. सव्वा लाख म्हणजे १,२५,०००. दुकानदार ‘पावणेदोनशे झाले’ म्हणाला आणि मुलाने दोनशेची नोट दिली, तर २५ रुपये परत घ्यायचे हे त्याला कळायला हवं.

पूर्वी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी पाठ करून घेत. आता तेवढं नको, भाकरी पुरेल. ताटात दोन भाकऱ्या ठेवा. एकीचा चतकोर मुलाला खायला द्या. उरल्या पावणेदोन. आणखी एक चतकोर खाल्ला की दीड, आणि पुढचा खाल्ला की सव्वा.