शालेय उपस्थितीची सक्ती आणि विद्यार्थ्यांची गैरहजेरी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
प्राथमिक शिक्षणाच्या इतिहासात शाळांची संख्या, अनुदान व अभ्यासक्रम यांची चर्चा विपुल झाली आहे. त्या तुलनेने हजेरीच्या नियमांकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेले. वस्तुतः मुलाची गैरहजेरी हा पालकाचा अपराध मानावयाचा की त्याच्या दारिद्र्याचा परिणाम, या प्रश्नाच्या उत्तरावरच सक्तीच्या शिक्षणाचे स्वरूप अवलंबून राहिले. प्रस्तुत लेखात पश्चिम भारताच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे.

दंड आणि भत्ता :
१८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी किमान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. शेतकऱ्यांची मुले गुरे राखण्यात व शेतकामात गुंतलेली असतात, हे त्यांनी त्याच निवेदनात नमूद केले आणि अशा मुलांना शिष्यवृत्त्या व बक्षिसे देण्याची सूचना केली. म्हणजेच सक्तीबरोबर बुडणाऱ्या श्रमाची भरपाईही त्यांना अभिप्रेत होती.

प्रत्यक्षात मात्र आरंभी दंडाचा मार्ग स्वीकारला गेला. बडोदा संस्थानात सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचा प्रयोग केला व १९०६ मध्ये तो संपूर्ण संस्थानास लागू केला. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हुकूम काढला. मुलास शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवण्यात आला. मजुरीवर जगणाऱ्या कुटुंबास ही रक्कम लहान नव्हती.

गोपाळ कृष्ण गोखले यांच्या १९११ च्या विधेयकातही दंडाची तरतूद होती. तथापि आजारपण, घरगुती अडचण व शेतीची हंगामी गरज ही गैरहजेरीची सबळ कारणे मानण्यात आली होती, हे त्याचे वैशिष्ट्य होय. १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. पुढे विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने १९१८ साली मुंबई इलाख्यातील नगरपालिकांसाठी सक्तीचा कायदा झाला.

कायद्याच्या मर्यादा :
दंडामुळे पटावर नाव लागले, तरी मूल वर्गात टिकेलच असे नव्हते. १९२९ च्या हार्टोग समितीने ही उणीव आकड्यांनी दाखविली. १९२२-२३ मध्ये पहिलीत असलेल्या दर १०० मुलांपैकी १९२५-२६ मध्ये चौथीत केवळ १८ मुले शिकत होती. समितीने यास ‘गळती व स्थगिती’चा प्रश्न मानले.

स्वातंत्र्योत्तर काळात दृष्टी हळूहळू बदलली. १९९२ मध्ये महाराष्ट्र शासनाने दुर्बल घटकांतील प्राथमिक शाळेतील मुलींसाठी प्रतिदिन एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू केला. १९९५ च्या केंद्रीय पोषण आहार योजनेत ८० टक्के हजेरी असणाऱ्या विद्यार्थ्यास दरमहा तीन किलो धान्य देण्याची तरतूद होती. ज्या एका रुपयाचा १९१७ मध्ये दंड होत असे, तोच रुपया येथे प्रोत्साहन म्हणून आला. अर्थात अशा अटीमुळे ज्याची हजेरी दारिद्र्यामुळेच कमी, तोच मदतीस मुकण्याचा धोकाही होता. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळेत शिजविलेले अन्न देण्याचा आदेश दिल्यावर या योजनेचे स्वरूप पालटले.

निष्कर्ष :
२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ‘सक्ती’ या शब्दाचा अर्थच बदलला. मुलाचा प्रवेश, उपस्थिती व शिक्षणपूर्ती यांची खात्री करण्याचे बंधन शासनावर आले. पालकाचे कर्तव्य कायम राहिले, परंतु त्याच्या भंगासाठी दंड सांगितलेला नाही. हंगामी स्थलांतर करणाऱ्या ऊसतोड कामगारांच्या मुलांचा विचार करता हे बंधन किती व्यापक आहे, हे ध्यानी येते. हजेरीपट हा केवळ शिस्तीचा दस्तऐवज नसून समाजाच्या आर्थिक स्थितीचाही दस्तऐवज आहे. गैरहजेरीची नोंद करणाऱ्या व्यवस्थेने तिच्या कारणाचीही नोंद घेतली पाहिजे, हाच या इतिहासाचा बोध होय.